अर्धी टाकी झाली की बंद: जुना छोटा ट्रॅक्टर परत परत ‘एअर’ का घेतो

आधी लक्षण सांगतो, तुमचं पण हेच आहे का बघा. सकाळी अर्ध्या सेल्फात चालू होतोय, धूर स्वच्छ, ताकद बरोबर, रोटर (माती भुसभुशीत करणारं अवजार) लावून तीन-चार तास मस्त चालतोय आणि मग कधीतरी रेस, म्हणजे इंजिनची गती, आपोआप वरखाली व्हायला लागते, एकदोनदा पांढरा धूर टाकतो आणि खाली बसत बसत बंद. मग सेल्फ मारा नाहीतर उतारावर ढकला, चालू म्हणून होत नाही. मिस्त्रीला फोन करायचा, तो येताना पाच लिटर डिझेल आणायला सांगतो, टाकीत ओततो, फिल्टरवरचा स्क्रू सैल करतो, फसफस करत फेस येतो, मग नितळ डिझेल येतं, स्क्रू आवळला की फटकन चालू. ‘एअर घेतलं होतं’ म्हणतो आणि पैसे घेऊन जातो. आठवड्यानं परत तेच.

माझ्याकडं हे दोन सीझन चाललं. मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा, नोकरी तिथल्याच उद्यमबागेत लेथवर, आणि जुनी छोटी मशीनं उभी करायचा नाद. हा ट्रॅक्टर आमच्या थोरल्या मामांचा, खानापूर तालुक्यात त्यांच्या गोठ्याच्या मागं नऊ वर्षं पडून होता, तीन सिलिंडर डिझेल, १८ एचपीच्या आसपासचा, बुटका, बागेत आंब्याच्या दोन ओळींतनं सहज जाणारा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण दोष कंपनीचा नाहीच, एवढ्या वयाच्या कुठल्याही मशीनला हे होऊ शकतं, आणि माझ्या केसमध्ये तर ते मी रंग दिल्यानंतर सुरू झालं. ते पुढं सांगतो, तेच मुख्य आहे.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून घ्या. हवा काढणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. डिझेलच्या लाईनमध्ये हवा आपोआप तयार होत नाही, ती कुठनं तरी आत शिरते, आणि ते भोक बुजवल्याशिवाय तुम्ही शंभर वेळा हवा काढली तरी शंभर वेळा ती परत येणार. शहापूरला एक म्हातारे फिटर आहेत, सगळे त्यांना अण्णाच म्हणतात, त्यांच्याकडं मी तिसऱ्यांदा गेलो तेव्हा हातातला पाना खाली ठेवून म्हणाले, "हवा काढतोस ते बरोबर हाय रे, पण ती शिरतीया कुठनं ते बघ की आधी." मग विचारलं, बंद पडतो तेव्हा टाकीत डिझेल किती असतंय? मला उत्तर देता आलं नाही. कधी बघितलंच नव्हतं.

घरी येऊन बांबूच्या काडीवर खुणा केल्या आणि प्रत्येक वेळी बंद पडला की आधी काडी घालून मोजायला लागलो. टाकी १८ लिटरची. चार वेळा बंद पडला, चारही वेळा डिझेल सात ते नऊ लिटरच्या मध्ये. एकदा राजहंसगडाच्या बाजूच्या चढाला अकरावर बंद पडला पण तेव्हा नाक वर होतं. म्हणजे तासांशी संबंध नाही, उन्हाशी नाही, इंजिन तापण्याशी पण नाही. अर्धी टाकी झाली की बंद.

याचं कारण लाईन कशी आहे त्यात आहे. आमच्या या छोट्या ट्रॅक्टरला टाकीतनं डिझेल आधी फिल्टरला येतं, तिथनं फीड पंपाला (डिझेल ओढून पुढं ढकलणारा छोटा पंप) आणि मग मोठ्या डिझेल पंपाला, जो ते जोरात नोजलमधनं इंजिनात सोडतो. बऱ्याच मोठ्या ट्रॅक्टरला उलटं असतं, फीड पंप आधी आणि फिल्टर नंतर, तेव्हा तुमचं कसं आहे ते पाईप हातानं धरून बघत जा, अंदाजानं नको. फिल्टर आधी असला की तो ओढीच्या बाजूला येतो. माझ्या फिल्टरचं डोकं बरोबर टाकीच्या मध्याच्या उंचीला आहे. टाकी भरलेली असते तेव्हा डिझेल स्वतःच्या वजनानं फिल्टरमध्ये ढकललं जातं, कुठं बारीक फट असली तर तिथनं डिझेल पाझरेल पण हवा आत येणार नाही. पातळी फिल्टरच्या डोक्याखाली गेली की पंप ओढायला लागतो, आणि ओढीत तीच फट हवा घ्यायला लागते. डिझेलचा एक थेंब पण बाहेर दिसत नाही, त्यामुळं आपण सगळं कोरडं बघून म्हणतो लाईन ठीक आहे.

आता मिस्त्री काय करत होता ते आठवा. हवा काढायच्या आधी पाच लिटर ओतत होता! ते ओतल्यानं पातळी फिल्टरच्या वर जात होती आणि म्हणून चालत होता. सगळं श्रेय हवा काढण्याला, काम मात्र ओतलेल्या पाच लिटरनं केलेलं. आणि याचाच दुसरा भाग असा की अशा लाईनमध्ये टाकी अर्ध्याच्या खाली असताना फिल्टरवरचा स्क्रू उघडून हातपंप मारत बसलात तर हवा निघायच्या ऐवजी आत जाते, काही जण तासभर दमतात त्याचं कारण हेच. आधी टाकी भरा, मग स्क्रूला हात लावा.

तर भोक शोधायचं कसं. पहिली टेस्ट एकदम साधी आणि मला वाटतं सगळ्यात कामाची. खाद्यतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन धुऊन पूर्ण वाळवा, तळाला नळी बसवा, बॉनेटच्या वर कुठंतरी पक्का बांधा (सायलेन्सरपासून लांब, हे महत्त्वाचं), टाकीकडनं येणारा पाईप बंद करून या कॅनची नळी थेट फीड पंपाच्या तोंडाला द्या. म्हणजे टाकी, कॉक, फिल्टर सगळं बाजूला. कॅनमध्ये गाळलेलं स्वच्छ डिझेलच घाला आणि नळीत मध्ये एक छोटा प्लास्टिकचा इनलाईन फिल्टर टाका कारण आता मूळ फिल्टर लाईनमध्ये नाही. हवा काढून चालू करा आणि रोटर लावून काम करा, नुसता उभा ठेवून नको. कॅन संपत आला तरी रेस हलली नाही तर फीड पंपाच्या पुढचं सगळं चांगलं आहे, पाच-सहा हजार घालून डिझेल पंप कॅलिब्रेशनला पाठवायची गरज नाही. हे मी आधी केलं असतं तर माझा डिझेल पंप विनाकारण उघडला गेला नसता. आणि कॅनवर पण रेस हलली तर मात्र फीड पंप, तिथनं पुढचे जोड आणि शेवटी डिझेल पंप, या क्रमानं बघायचं.

दुसरी टेस्ट डोळ्यांनी बघायची. गवंडी लोक लेव्हल बघायला पारदर्शक नळी वापरतात ना, ती कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते, बरोबर मापाची घ्या. मूळ रबरी पाईप काढून आधी टाकी ते फिल्टर या तुकड्यात ती बसवा, मग फिल्टर ते फीड पंप या तुकड्यात. टाकीत डिझेल जाणूनबुजून सहा-सात लिटरच ठेवा, कारण भरलेल्या टाकीवर काहीच दिसणार नाही. माझ्याकडं पहिल्या तुकड्यात डिझेल एकदम काचेसारखं नितळ जात होतं. दुसऱ्या तुकड्यात साबुदाण्याएवढे बुडबुडे, एकामागं एक, रेस वाढवली की जास्त. पहिल्यात नाही, दुसऱ्यात आहे, म्हणजे हवा मधल्या फिल्टरमध्येच शिरते. दोन सीझन जे कळलं नाही ते दहा मिनिटांत दिसलं. ही नळी फक्त टेस्टपुरती, डिझेलमध्ये काही दिवसांत कडक होते आणि तोंडाला तडकते, कायमची ठेवू नका.

फिल्टरच्या डोक्याला बांजो बोल्ट असतो, पोकळ, बाजूला भोकं, आणि बांजोच्या, म्हणजे पाईपच्या टोकाच्या गोल कड्याच्या, वर एक खाली एक असे दोन तांब्याचे वायसर. तो बोल्ट सोडवला, खालचा वायसर नखानं उचलला तर त्याच्याखाली फिल्टरच्या डोक्यावर नारिंगी रंगाची गोल रिंग. माझाच रंग. पूर्ण ट्रॅक्टर सोडवून रंगवला तेव्हा फिल्टरचं डोकं पण मी हौसेनं प्रायमर आणि दोन हात मारून चकचकीत केलं होतं, भोकात कागदाचा बोळा घातला पण वायसर बसतो ती सपाट जागा झाकली नाही. नवीन असताना बोल्ट घट्ट आवळला गेला. मग इंजिन तापलं, रंग मऊ पडला, दाबाखाली बाजूला सरकला, आणि बोल्ट न हलता आवळ ढिला झाला. रिंगच्या एका बाजूला केसाएवढी रेघ गेली होती, बोटाला लागत नव्हती, भिंगातनं दिसली. हवा शिरायला तेवढं पुरे.

म्हणून जे कोणी जुनं मशीन रंगवतायत त्यांना कळकळीनं सांगतो, जिथं वायसर, गॅस्केट किंवा अर्थिंगची वायर बसते ती प्रत्येक जागा टेपनं झाकून मगच गन हातात घ्या. रंगाच्या आधी मशीन ठीक होतं आणि रंगानंतर कुरबुर सुरू झाली तर पहिला संशय रंगावरच घ्या. अर्थिंग खाली रंग राहिला तर सेल्फ दमल्यासारखा फिरतो, लोक बॅटरी बदलतात. तो विषय वेगळा, पण मूळ एकच.

ती जागा मी सपाट लाकडी ठोकळ्याला बारीक पॉलिश पेपर लावून हलकेच घासली, धातू दिसेपर्यंत, गोल फिरवत, कारण आडवे ओरखडे पडले की तेच हवेची वाट होतात. भोकात आधी ग्रीस लावलेली चिंधी घातली म्हणजे कचरा आत जात नाही. मग वायसर. तांब्याचा वायसर एकदा दाबला गेला की कडक होतो, दुसऱ्यांदा तसाच लावला तर बसत नाही, आणि गॅरेजमध्ये बहुतेक वेळा तोच परत लावतात. नवीन मिळाला तर उत्तमच, वीस-तीस रुपयांचा विषय. नाही मिळाला तर जुना साबणानं धुऊन डिझेलचा अंश काढून, शेडपासून लांब, घरच्या गॅसवर चिमट्यात धरून मंद लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका. लोखंड असं केलं तर कडक होतं, तांबं मऊ होतं. नंतर हातानं थोडा वाकवून बघा, शिशासारखा नरम लागला पाहिजे. वरचा काळा थर पॉलिश पेपरनं काढून लावा. ॲल्युमिनियमच्या वायसरला हे करायला जाऊ नका, तो लाल दिसायच्या आधीच वितळतो, तो नवीनच घ्या. आपल्याकडं बेळगावात तर टर्नरला पत्रा दिला की हवा तो वायसर कापून मिळतो, १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी इथंच सायकलचं दुकान काढलं आणि पुढं लोखंडी नांगर केले, तेव्हापासून या गावाच्या हातात हे काम आहे, तेव्हा स्पेअर मिळत नाही म्हणून मशीन भंगारात घालू नका.

पांढरी टेफ्लॉन टेप मात्र डिझेलच्या लाईनला अजिबात नको. पाण्याच्या नळाला ठीक. इथं तिचे धागे सुटतात, आणि फिल्टरच्या पुढच्या जोडाला लावली असेल तर थेट पंपात आणि नोजलमध्ये जाऊन बसतात, मग तो खर्च वेगळाच.

माझ्या केसमध्ये अजून एक दोष होता आणि त्यानंच जास्त घोळ घातला. टाकीच्या टोपीला हवा आत यायला सुईएवढं भोक असतं, ते पण रंगानं बुजलेलं. डिझेल खाली जातंय आणि वरनं हवा येत नाही म्हटल्यावर टाकीत ओढ तयार होते आणि इंजिन उपाशी मरतं. हे मला सुरुवातीलाच कळलं होतं, बंद पडल्यावर टोपी उघडली की हुस्स आवाज यायचा. भोक मोकळं केलं, आठ दिवस बरा चालला, मी म्हटलं संपलं. संपलं नव्हतं. एक दोष काढला की दुसरा थोडा झाकला जातो आणि आपण चुकीच्या ठिकाणी थांबतो. दोन्ही ओळखायची खूण अशी: टोपीचा दोष असेल तर रेस न हलता हळूहळू ताकद जाते, टोपी उघडून दोन मिनिटं थांबलं की हवा न काढता पण चालू होतो. फटीतनं हवा शिरत असेल तर रेस वरखाली होते आणि हवा काढल्याशिवाय चालू होत नाही. बाजारातली नवीन टोपी लावली असेल तर तिला भोक आहे का ते उजेडाकडं धरून बघा.

बाहेरच्या देशात जुनी छोटी मशीनं उभी करायचा हा नाद फार मोठा आहे, अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा कब कॅडेट हा छोटा ट्रॅक्टर १९६१ पासूनचा, लोक अजून उभे करतात. पण ते बहुतेक पेट्रोलचे, त्यांचा त्रास कार्ब्युरेटर आणि इग्निशनचा, म्हणून तिकडचे व्हिडिओ बघून आपल्या डिझेलवर उपाय करायला जाऊ नका. टोपीचं भोक तेवढं दोन्हीकडं सारखं.

फटीचा संशय असेल आणि बांजो चांगले निघाले तर पुढं रबरी पाईप बघा. बाहेरनं चांगला दिसतो, वाकवला की आतल्या बाजूला चिरा. जुन्या रबराचं अजून एक आहे, एप्रिल २०२० पासून देशभर जे बीएस-६ डिझेल मिळतं त्यात गंधक १० पीपीएमच्या आत आहे, ते काढायच्या प्रक्रियेत डिझेलमधले ॲरोमॅटिक घटक पण कमी होतात, आणि जुन्या डिझेलनं फुगून बसलेलं नायट्राइल रबर नव्या डिझेलमध्ये आकसू शकतं. म्हणून वीस-तीस वर्षं एकही थेंब न गळालेले ओ-रिंग आणि सील अचानक हवा घ्यायला लागले तर नवल नाही. सगळे एकदम बदला, शे-दोनशेत होतं. क्लॅम्प पण बघा, बारीक पाईपला मोठा पट्टीचा क्लॅम्प आवळला की तो अंड्यासारखा बसतो आणि स्क्रूच्या खाली फट राहते. बारीक पाईपचे वेगळे क्लॅम्प येतात, ते लावा.

फीड पंपाचं डायफ्राम (आतला लवचिक पडदा) फाटलं असेल तर डिझेल इंजिनच्या ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची काडी काढून वास घ्या, पातळी वाढलेली असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर तिथंच थांबा, चालवू नका, बेअरिंग जातील. डायफ्राम आणि ऑइल दोन्ही बदलूनच पुढचं काम.

आता हवा काढायची बरोबर रीत, कारण भोक बुजवलं तरी एकदा काढावीच लागते. टाकी भरा, कॉक उघडा, फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, बुडबुडे संपून सलग धार येईपर्यंत थांबा आणि धार चालू असतानाच आवळा. मग फीड पंपाचा हाताचा खटका मारत डिझेल पंपावरचा स्क्रू तसाच. खटका पोकळ लागत असेल तर पंप खराब समजू नका, आतला कॅम नेमका उंचवट्यावर थांबलेला असतो, इंजिन एक फेरा फिरवा की खटक्याला जोर येतो. तरी चालू होत नसेल तर नोजलकडच्या नळ्यांचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारा, दहा-पंधरा सेकंदांच्या वर एका वेळी नको, मध्ये मिनिटभर थांबा. त्या वेळी हात, तोंड काही त्या नळ्यांच्या समोर आणू नका. तिथला दाब एवढा असतो की डिझेल कातडीतनं आत घुसतं, जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते पण बोट गमवायची वेळ येते. तसं झालंच तर घरी पट्टी बांधत बसायचं नाही, लगेच दवाखाना.

बंद पडताना फेस नाही पण धारच बारीक असेल तर हवा नाही, गाळ. टाकीच्या आत कॉकच्या तोंडाला जाळी असते, तिच्यावर काळपट शेवाळासारखं बसतं. आपल्याकडं खानापूर-जांबोटी पट्ट्यात पावसाळा कसा असतो माहीत आहेच, अर्धी टाकी चार महिने शेडमध्ये ठेवली की आतल्या पत्र्याला दव धरतं, पाणी तळाला जातं आणि पाणी-डिझेलच्या मधल्या थरात ती घाण वाढते. जूनच्या आधी टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवायची आणि पाऊस गेल्यावर तळाचा स्क्रू उघडून पहिलं पाव लिटर काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवायचं, खाली पाणी बसलं तर डोळ्यांना दिसतं. हा नेम मी आता मोडत नाही.

भातकापणी झाल्यावर मसूर पेरायला रान केलं तेव्हा मुद्दाम टाकी भरली नाही. काडीवर नऊ, मग सात, मग पाच. तीन लिटरवर मीच बंद केला, तळाचा गाळ ओढू नये म्हणून. रेस एकदा पण हलली नाही. थोरले मामा बांधावर उभे होते, म्हणाले, "आता कसा आवाज लागलाय बघ, घेतला तवाचा." 

एवढं सगळं करून पण तुमचा बंद पडत असेल तर विचारताना चार गोष्टी नक्की सांगा: बंद पडला तेव्हा काडीवर किती डिझेल होतं, रेस हलून पडला की गपकन, टोपी उघडल्यावर आवाज आला का, आणि फिल्टर फीड पंपाच्या आधी आहे की नंतर.